रोबोट व्हॅक्यूम, अकरा महिन्यांनंतर: बंद का पडला ते नंतर, कुठे थांबला ते आधी बघा

काल रात्री कासवाने सगळं घर झाडलं, आपल्या चाकांनी डॉकवर, म्हणजे चार्जिंगच्या स्टँडवर, जाऊन बसलं, आणि घरात कुणी मान वर करूनही पाहिलं नाही. तीन महिन्यांपूर्वी हे घडलं असतं तर मी टाळ्या वाजवल्या असत्या.

कासव म्हणजे आमचा रोबोट व्हॅक्यूम. नाव मुलीने ठेवलं, कारण उताणा केला की चाकं हलवत पडून राहतो. डोक्यावर लेझरचा गोल, झाडणं-पुसणं दोन्ही, गालिच्यावर आपोआप वाढणारं सक्शन, ॲपवर नकाशा. या वर्गातली मशीनं तुम्ही पाहिलेली असणार, म्हणून सक्शन मोजणाऱ्या पास्कलच्या आकड्यांत शिरत नाही. ते आकडे खोक्यावरच शोभतात. पहिले सहा महिने सुखाचे गेले. पलंगाखाली इतकी धूळ असते हे मला माहीत नव्हतं, आता कळलं, पुरे.

सातव्या महिन्यात एके दुपारी ते हॉलच्या बरोबर मधोमध थांबलं. चारी बाजूंनी मोकळी फरशी, जवळ खुर्ची नाही, वायर नाही, मोजा नाही. आणि आतली बाई म्हणाली, रोबोट अडकला आहे, कृपया मोकळ्या जागी ठेवा. आई सोफ्यावरून म्हणाली, "अगं बाई, याहून मोकळी जागा आता कुठून आणू तुझ्यासाठी?"

उचललं, दोन हात पुढे ठेवलं, बटण दाबलं, चालू लागलं. दहा मिनिटांनी पुन्हा तेच. मग सगळे जे करतात ते मीही केलं: बंद करून चालू, फर्मवेअर अपडेट, रीसेट, आणि शेवटी नकाशा पुसून नवा. हे शेवटचं कृपा करून करू नका. थांबायचं ते थांबलंच, वर नकाशावर खोल्यांची नावं आणि वर्ज्य जागा, म्हणजे जिथे मशीनने जायचं नाही त्या, पुन्हा आखण्यात माझी एक सुट्टी गेली.

सर्व्हिसवाला आला. त्याने मशीन चालू केलं, थांबलेलं पाहिलं, एक बटण दाबून धरलं, दिवे मोजले आणि म्हणाला, "सर, मेन बोर्ड गेलाय."

"बोर्ड गेला तर दहा मिनिटं चालतं कसं?"

"असंच असतं सर. कधी चालतो, कधी नाही."

वॉरंटी शिल्लक होती. पण पाणी आत गेलेलं दिसतंय म्हणून ती लागू होणार नाही, असं त्याचं म्हणणं. मशीन उघडलेलंच नव्हतं, मग पाणी दिसलं कुठून? बोर्डाचा जो खर्च त्याने लिहून दिला तो नव्या मशीनच्या निम्म्याच्या वर जात होता. मी "विचार करून सांगतो" म्हणालो. त्याचा अर्थ आम्हा दोघांनाही कळला.

मी चिकट माणूस आहे, हे इथेच सांगून टाकतो. टूथपेस्टची ट्यूब कात्रीने उघडणाऱ्यांपैकी. त्यामुळे त्या रात्री जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं, कासव उताणं केलं आणि टॉर्च तोंडात धरून बसलो. मुख्य ब्रश दर आठवड्याला साफ होतोच, तो ठीक होता. बाजूचा ब्रश ठीक. मागची दोन मोठी चाकं दाबली की स्प्रिंगवर नीट आत-बाहेर होत होती. राहिलं पुढचं ते सुपारीएवढं चाक. बोटाने फिरवलं तर अर्धा फेरा घेऊन थांबलं. मला वाटलं, ते तसंच असेल.

बऱ्याच मॉडेलांत हे चाक स्क्रू न काढता निघतं. चपट्या स्क्रूड्रायव्हरने टेकू दिला, सरळ वर ओढलं, फट् आवाज करून हातात आलं. मग चाक कण्यापासून वेगळं केलं आणि बायकोला हाक मारली. कण्याच्या दोन्ही टोकांना केस गुंडाळले होते, बॉबिनवर दोरा भरतात तसे, थरावर थर, इतके घट्ट की नखाला दाद देईनात. ब्लेडने उभी चीर दिली तेव्हा केसांचं अख्खं कडं निघालं, अंगठीसारखं. त्यात मुलीच्या लोकरीचा हिरवा धागाही होता, आणि सगळ्यावर धुळीचं काळं तेलकट लुकण. बायको म्हणाली, "माझे आहेत ना सगळे, बोल." मी काही बोललो नाही.

कणा पुसून चाक परत बसवलं. आता फुंकर मारली तरी फिरत होतं.

एवढ्याशा चाकाने मशीन का थांबावं? त्याला मोटर नसते, ते नुसतं ओढलं जातं. पण काही मशीनांत याच चाकाचे फेरे मोजले जातात. चाक अर्धं काळं, अर्धं पांढरं दिसलं तर ओळखा, वरचा सेन्सर तो रंगबदल वाचतो. मागची चाकं फिरताहेत आणि पुढचं हलत नाही, म्हणजे आपण जागच्या जागी घसरतोय, असा मशीन निष्कर्ष काढतं. माझं चाक तसंच आहे. म्हणून मोकळ्या हॉलमध्ये ते स्वतःला अडकलेलं समजत होतं. बाई खोटं बोलत नव्हती. तिला जेवढं कळत होतं तेवढं ती सांगत होती, आणि आम्ही सोफ्याखाली वायर शोधत होतो.

आयरोबोट कंपनीचा रोबोट व्हॅक्यूम, पहिली रूम्बा, २००२ साली आली. माझं मशीन त्या कंपनीचं नाही, पण या जातीच्या यंत्रांना तेव्हापासून लेझर आलं, कॅमेरा आला, पायमोजा ओळखता यायला लागला, आणि केस मात्र अजून जिंकतात. माझ्या पुस्तिकेत मुख्य ब्रशला चार चित्रं आहेत, धुळीच्या डब्याला तीन. या चाकाला शेवटाकडे एक ओळ: "आवश्यकतेनुसार स्वच्छ करा." आवश्यकता कळणार कशी, ते पुढच्या आवृत्तीत असेल.

चाकाचा हा मजकूर मी तेव्हाच लिहून ठेवला होता. मथळा होता "बोर्ड नाही, केस". पाच दिवस विजयी मुद्रेने फिरलो. सहाव्या दिवशी सकाळी पाहतो तर अर्धं घर झाडलेलं, अर्धं तसंच, आणि कासव डॉकवर १०० टक्के चार्ज होऊन गप्प. दोन दिवसांनी बेडरूममध्ये गालिच्याच्या कडेला थांबलं. म्हणजे सर्व्हिसवाला बरोबर होता की काय, या शंकेने माझी झोप उडाली.

मग मी जे करायला हवं होतं ते उशिरा केलं. वहीच्या मागच्या पानावर प्रत्येक थांबणं लिहायला लागलो: वेळ, जागा, सुरू होऊन किती मिनिटं झाली, बॅटरी किती, आणि बाई नेमकं काय म्हणाली. तीन आठवड्यांत ११ नोंदी झाल्या. पान समोर धरलं आणि दिसलं की हा एक आजार नव्हताच. सात नोंदी डॉकवरच्या, सगळ्या रात्रीच्या, आणि सातही वेळा बाई एक अक्षर बोलली नव्हती. चार नोंदी गालिच्याच्या, कुठल्याही वेळेच्या, आणि चारही वेळा ती म्हणाली होती, तळाचे सेन्सर पुसा. हॉलच्या मध्यात एकही नाही. चाकाचा प्रश्न चाकाबरोबर संपला होता.

आता कबुली. हे पान पुरतं भरण्याआधीच मी नवी बॅटरी मागवून बसलो होतो. तर्क असा होता: मशीन अर्ध्यात डॉकवर जातंय, म्हणजे बॅटरी टिकत नाही. या पॅकमध्ये लिथियम-आयन सेल एकामागे एक जोडलेले असतात, माझ्यात चार, म्हणून लेबलवर १४.४ व्होल्ट. सेल म्हातारे झाले की त्यांचा अंतर्गत रोध वाढतो, मग गालिच्यावर सक्शनचा जोर चढला की व्होल्टेज एकदम खाली येतं. हे सगळं खरं आहे. फक्त माझ्या बाबतीत लागू नव्हतं. मी, ज्याने बोर्डाचे पैसे वाचवले, त्याने धडधाकट बॅटरी बदलली. दुसऱ्याच रात्री नवी बॅटरी घालून कासव पुन्हा अर्ध्यात डॉकवर जाऊन बसलं.

उत्तर ॲपमध्ये होतं. "डू नॉट डिस्टर्ब", रात्री १० ते सकाळी ८, पहिल्या दिवसापासून चालू. चार्ज कमी झाला की मशीन डॉकवर जातं, पोटभर चार्ज घेतं आणि उरलेलं झाडायला परत निघतं. पण त्या वेळात ते निघत नाही आणि बोलतही नाही. झोपलेल्या माणसांना त्रास नको, एवढाच हेतू. आधी मी सकाळी ९ ला लावायचो, तेव्हा हे कधी जाणवलंच नाही. कामाची वेळ बदलल्यावर रात्री ९ ला लावायला लागलो. शिवाय त्याच सुमारास सक्शन कमाल करून ठेवलं होतं, म्हणजे एका चार्जमध्ये घर पुरं होईना. दहाच्या पुढे डॉकवर गेलं की थेट मुक्काम. मशीन आमची झोप जपत होतं आणि मी त्याची बॅटरी बदलत होतो.

सक्शन परत मध्यमवर आणलं, वेळ संध्याकाळी ७ केली. त्या सातांपैकी एकही पुन्हा घडलं नाही. तुमचंही असं सोंग घेऊन डॉकवर बसत असेल तर बॅटरीकडे संशयाने बघण्याआधी घड्याळाकडे बघा. बॅटरी खरंच गेली असेल तर आकडा ४० वरून धाडकन १० वर येतो, किंवा मशीन डॉकपर्यंत न पोचता वाटेतच मरतं. माझं रोज व्यवस्थित चालत घरी जात होतं. हा पुरावा माझ्या डोळ्यांसमोर होता.

राहिला गालिचा. सेन्सर पुसा म्हणाली म्हणून मी चार वेळा पुसले, कोरड्या मऊ फडक्याने, आणि चारही वेळा ते आधीच स्वच्छ होते. तळाच्या कडेला जे छोटे काळसर डोळे असतात ते इन्फ्रारेड प्रकाश खाली सोडतात आणि तो परत येतो का ते बघतात. परत आला तर खाली जमीन आहे, नाही आला तर जिन्याची पायरी. आमच्या नव्या गालिच्याला हातभर रुंद काळा काठ आहे, आणि काळा रंग प्रकाश गिळतो. कासवाच्या दृष्टीने आमच्या बेडरूममध्ये दरी होती. खात्री करायला मी त्या काठावर पांढरे कागद ओळीने अंथरले. कागदावरून ते तुरुतुरु पलीकडे गेलं. कागद उचलले, पुन्हा काठावर येऊन थबकलं, मागे सरलं, गोल फिरलं, मागे सरलं, आणि बाई सुरू. मुलीने हा प्रयोग सहा वेळा करायला लावला.

काही लोक सेन्सरवरच पांढरी चिकटपट्टी लावतात. आमच्या घरात आत जिना आहे, त्यामुळे मी तसलं काही केलं नाही, तुमच्याकडे जिना असेल तर तुम्हीही करू नका. मी गालिचा वर्ज्य जागेत टाकला. तो आता आई झाडते आणि प्रत्येक वेळी मला ऐकवते.

बाकी कारणं आमच्या वाट्याला आली नाहीत किंवा येऊन लगेच गेली. धुतलेला फिल्टर एकदा घाईने ओलसरच घातला, सक्शन पडलं. तेव्हापासून पूर्ण एक दिवस वाळवतो. डॉकच्या पत्र्या मळल्याने एकदा चार्जिंग धरत नव्हतं, कोरड्या फडक्याने पुसल्यावर धरलं. पुढच्या बंपरमध्ये खडा अडकला की मशीन सतत भिंतीला टेकल्यासारखं मागे मागे जातं असं म्हणतात, आमच्याकडे खडा अजून यायचाय.

पण चाकाकडे परत येतो, कारण माझा खरा राग तिथेच आहे. दर दुसऱ्या रविवारी काढतो आणि दर वेळी त्यावर दोन-चार फेरे केस असतातच. १५ दिवसांत एवढे, तर सात महिन्यांत ते फिरत कसं होतं याचं आश्चर्य वाटतं. कण्याच्या दोन टोकांना बोटभर उंचीची टोपी बसवली असती तरी... नाही, बोटभर उंच बसणार नाही, नखभर. नखभर टोपी. एवढ्या मोठ्या यंत्रात ती कुणाला सुचू नये? ॲप मुख्य ब्रशचे तास मोजतं, फिल्टरचे मोजतं, सेन्सर पुसायची आठवणही करतं. चाकाची नाही. ती मी फोनच्या कॅलेंडरमध्ये स्वतः टाकली आहे.

पुन्हा घेईन का? घेईन, पण हे मरेपर्यंत नाही, आणि हे लवकर मरायचं लक्षण दिसत नाही. सर्व्हिसवाल्याचा अजून अधूनमधून फोन येतो, बोर्डाचं काय ठरलं म्हणून. जुनी बॅटरी फेकलेली नाही. लिथियमची बॅटरी रिकामी किंवा तुडुंब भरून ठेवू नये, म्हणून मशीनमध्ये घालून निम्मी उतरवली, कागदात गुंडाळली आणि कपाटाच्या थंड कोपऱ्यात ठेवली, वर तारीख लिहून. दर तीन महिन्यांनी काढून बघायची ठरवली आहे. बायको म्हणते, तिच्यासाठीही वही कर.