बिंग फुटू द्यावं की कबुली द्यावी? नाताळच्या प्रेमकादंबरीपुढचा पेच

नाताळच्या सुट्टीत घडणाऱ्या प्रेमकादंबरीत नायिका काहीतरी लपवून आलेली असते. ते बाहेर येणार आणि शेवट गोड होणार, दोन्ही वाचकाला आधीच ठाऊक असतं. लिहिणाऱ्याच्या हातात उरतो तो एवढाच निर्णय: तिचं बिंग फुटू द्यायचं, की तिनं आपणहून सांगायचं?

दोन्ही वाटा एकाच मापानं पाहता याव्यात म्हणून एकच उदाहरण धरू. स्कॉटलंडच्या हायलँड्समधलं गाव. आईच्या शेवटच्या नाताळला लेक लंडनहून आली नाही. बर्फामुळे विमान रद्द झालं, असं तिनं कळवलं. खरं तर तिला यायचंच नव्हतं. जानेवारीत आई गेली. वर्षभरानं ती घर आवरायला आली आहे आणि आईकडे लक्ष ठेवणारा शेजारी तिला म्हणतो, "हवामानापुढे तू तरी काय करणार होतीस?" ती मान हलवते. त्या खोट्यावर तिला सांत्वन मिळतंय आणि ती ते घेतेय, हे मूळ खोट्याहून जड आहे.

बिंग फुटण्याची वाट रचनेला सोपी. ७० हजार शब्दांच्या कादंबरीत ते ७५ ते ८० टक्क्यांवर, म्हणजे ५३ ते ५६ हजार शब्दांच्या आसपास फुटतं. मावसबहीण जेवताना सहज बोलून जाते, "आम्ही त्याच दिवशी आलो की विमानानं," आणि टेबलावर शांतता पसरते. प्रेमकादंबरीच्या अभ्यासक पामेला रेजिस यांनी २००३ मध्ये प्रेमकादंबरीचे जे आठ घटक मांडले, त्यांत आता हे दोघं कधीच एकत्र येणार नाहीत असं वाटायला लावणारा, प्रतीकात्मक मृत्यूचा एक क्षण आहे. तो इथे आयता मिळतो. शिवाय २५ डिसेंबरला ब्रिटनमध्ये रेल्वे बंद असते आणि २६ला फार थोड्या गाड्या धावतात, त्यामुळे २४च्या रात्री भांडलेली माणसं गावातच अडकतात. (गोव्यात बेत आखणाऱ्यांनी सावध राहावं. तिथे नाताळलाही गाड्या चालू असतात. रुसलेला नायक मडगावहून सरळ निघून जाईल.)

या वाटेवर निवेदन मात्र जपून निवडावं लागतं. तिची आणि त्याची प्रकरणं आलटून पालटून येत असतील तर ठीक: वाचकाला माहीत आहे, त्याला नाही, आणि ताण तिथूनच येतो. 'मी'नं सांगितलेल्या गोष्टीत पन्नास हजार शब्द 'त्या डिसेंबरात जे झालं ते' असं मोघम बोलत राहिलं, की वाचकाला फसवल्यासारखं वाटतं. तिसऱ्या प्रकरणापर्यंत वाचकाला खरं सांगून टाकलेलं बरं.

पण माझं मन या वाटेवरून उडालं ते एका अडचणीमुळे, आणि अशा कादंबऱ्या वाचताना ती पुन्हा पुन्हा आडवी येते. बिंग फुटलं की नायिकेला वाईट वाटतंय ते केलं म्हणून की पकडली गेली म्हणून, हे सांगताच येत नाही. तिलाही येत नाही. त्यापुढचं तिचं प्रत्येक वाक्य खुलासा होऊन बसतं. तिच्यावर दोन कर्जं आहेत: शेजाऱ्याशी खोटं बोलल्याचं, जे तो माफ करू शकतो, आणि आईकडे न गेल्याचं, जे माफ करणारं माणूसच उरलेलं नाही. बिंग फुटलं की दोन्ही एकाच खात्यात जमा होतात. त्यानं मिठी मारली की सगळं फिटलं असं गृहीत धरलं जातं. स्वतःला माफ करणं एका परिच्छेदात उरकतं, कारण उरलेल्या १५ हजार शब्दांत ताटातूट आणि पुनर्भेटही बसवायची असते.

कबुली ५५ ते ६० टक्क्यांवर ठेवली तर पुढे २८ ते ३१ हजार शब्द हातात राहतात. धोका उघड आहे: गुपित संपलं की मधला भाग ढिला पडतो. त्यावर एक उपाय बहुधा चालतो. शेजाऱ्यानं लगेच माफ करावं, अगदी सहज. तिला ते पेलू नये. आता अडसर तिच्या आत आहे, आणि दूर जाते तीच. प्रतीकात्मक मृत्यूचा क्षण इथेही येतो, फक्त त्याला मावसबहिणीची गरज पडत नाही.

कबुलीचा प्रसंग बिघडतो तो लांबीमुळे. तीनशे शब्द पुरेत. हाताला काम द्यावं, बटाटे सोलणं किंवा आईचे कपडे खोक्यांत भरणं. व्हिस्कीच्या ग्लासावर नको. मग ती कबुली दारूच्या नावावर जाते. वाक्यात 'पण' आला की ते बचावाचं भाषण होतं. 'मला यायचं नव्हतं' इथे पूर्णविराम. कारणं नंतर, त्यानं विचारली तर.

त्यानंतर तिनं एखादं काम असं करावं जे त्याला दिसणार नाही: ज्या मावशीनं 'विमान रद्द झालं' हे गावभर सांगितलं, तिच्याकडे जाऊन खरं सांगणं. मावशीनं माफ केलंच पाहिजे असं नाही. मग एकदा तिनं पुन्हा ढेपाळावं. अपराधीपणा सरळ रेषेत उतरत नाही, आणि उतरलेला दाखवला की खोटा वाटतो.

५० हजार शब्दांची हलकीफुलकी गोष्ट असेल, गुपित नाव बदलून येण्याएवढंच असेल, तर खुशाल बिंग फोडा. कबुलीचा भार तिला सोसणार नाही. गुपितात गेलेलं माणूस असेल, तर माझा कौल कबुलीला.

तारीख मात्र २४ नको. त्या दिवसाची मिठी नाताळच्या खात्यावर पडते. २१ किंवा २२ बरी. तिकडे साडेतीनच्या सुमारास अंधारतं, बाहेर जाता येत नाही, बोलावंच लागतं. आणि गोष्ट २५ला संपवू नका. स्कॉटलंडमध्ये नाताळची सार्वजनिक सुट्टी १९५८ पासूनची, खरा जुना सण हॉगमने, म्हणजे वर्षअखेरची रात्र. १ आणि २ जानेवारी दोन्ही सुट्टीचे. मावशीकडची फेरी २७ किंवा २८ला बसते, ढेपाळणं ३०ला, आणि खोक्यांना चिकटपट्टी लावायला २ तारीख मोकळी राहते.