फोटो बॉक्स चांगला आहे, फक्त त्यातली लाइट बंद ठेवा

संत्र्याच्या स्क्वॅशच्या फोटोसाठी हा घडीचा फोटो बॉक्स घेतला. चाळीस सेंटिमीटरचा, वरच्या कडेला एलईडीच्या दोन पट्ट्या, यूएसबीची वायर आणि सोबत रंगीत प्लास्टिकचे पडदे. ऑनलाइन साडेआठशेला पडला. हळद, तिखट, पापड, कापडी पिशव्या विकत असाल तर डोळे झाकून घ्या. पण माल काचेच्या बाटलीत असेल आणि लेबलवर सोनेरी फॉइल असेल, तर आधी हे वाचा.

आधी चांगलं सांगते. पॉवर बँकेवर चालतो. आमच्याकडं वरुड तालुक्यात आंबिया बहाराचा, म्हणजे संत्र्याच्या एका हंगामाचा, माल निघतो त्या दिवसांत दिवसा लाइन कधी जाईल याचा नेम नसतो, आणि नेमकं तेव्हाच नव्या बाटल्यांचे फोटो व्हॉट्सॲपवर टाकायचे असतात. घडी घालून कपाटावर ठेवता येतो. आतला पांढरा कपडा बरा आहे, रंग ओढत नाही.

आता बाटली. आत ठेवली की काचेवर एलईडीचे ठिपके ओळीनं उमटतात, सुटे सुटे मोजता येतील असे. फॉइलमधलं नाव मधे पांढरंफट्ट आणि कडेला काळं. भाच्यानं मोबाइल मोठा करून पाहिला नि म्हणे, "मामी, फूड लायसनचा नंबरच दिसून नाही राह्यला." चौदा आकडी नंबर, त्यातले मधले आकडे चमकेत गडप. दुकानदार तोच आधी बघतो.

यात बॉक्सचा दोष अर्धाच. फॉइलला स्वतःचा रंग जवळपास नसतोच, समोर जे असेल तेच ते सोनेरी करून दाखवतं. समोर बारीक दिवा असेल तर बारीक चमक, अंधार असेल तर काळं. कॅरमची सोंगटी पट्टीवरून ज्या कोनात परतते, त्याच कोनात उजेड परततो. आणि बाटली गोल, त्यामुळं तिच्या अंगाला असे कोन चहूकडून लागतात. तिला छोटे दिवे नकोत, एका बाजूनं मोठा पांढरा पडदा हवा.

म्हणून मी आतल्या पट्ट्या बंदच ठेवते. डाव्या भिंतीच्या जागी ट्रेसिंग पेपर चिकटवला आणि त्याच्या बाहेर होल्डरमधला साधा एलईडी बल्ब लावला. बल्ब कागदाला लागून ठेवला तर कागदाच्या मधोमध पांढरा गोळा दिसतो आणि तोच गोळा लेबलवर उतरतो. तीनेक विती मागं सरकवला की कागद सगळा सारखा उजळतो, मग काचेवर वरपासून खालपर्यंत एकच सरळ पांढरी पट्टी येते आणि सोनेरी अक्षरं भरून दिसतात. उजवीकडं काळी कार्डशीट उभी करायची. पांढऱ्या बॉक्समध्ये काचेची कड हरवते, ती या काळ्या कागदानं रेघ ओढल्यागत परत येते. आणखी एक काळी कार्डशीट मोबाइलपुढं, लेन्सपुरतं भोक पाडून. नाहीतर काचेत तुम्ही, तुमची साडी, मागची खिडकी, सगळं येतं. मोबाइल जवळ नेऊ नका, मागं राहून दोन पट झूम करा. बल्बमुळं फोटोत आडवे पट्टे आले तर प्रो मोडमध्ये शटर एक शतांश सेकंद ठेवा. आपली लाइन पन्नास हर्ट्झची, तिच्यावर तेच जुळतं.

मोबाइलला चिमट्यानं लावायचा पोलरायझर फिल्टरही मागवला होता. काचेवरची आणि लेबलच्या प्लास्टिकवरची चमक तो कमी करतो, पण बाटलीकडं तिरकं, सरळ समोरपासून साधारण पंचावन्न अंश कलून पाहिलं तरच. अगदी समोरून फारसा उपयोग नाही. फॉइलवर तर काहीच नाही, कारण धातूवरून परतलेला उजेड त्याला काचेसारखा अडवता येत नाही. साधं कागदी लेबल असेल तर घ्या, आमच्या कामाला तो आला नाही.

स्क्वॅशचा रंग ही वेगळीच कटकट. समोरून कितीही उजेड टाका, रस मातकटच दिसतो. बाटलीच्या मागं तिच्याच आकाराचा, पण तिच्याहून थोडा लहान पांढरा पुठ्ठा कापून तिरपा ठेवला की त्यावरून उजेड रसातून पुढं येतो आणि संत्र्याचा खरा रंग उघडतो. पुठ्ठा कडेनं डोकावता कामा नये. गर खाली बसलेला असतो म्हणून बाटली हलवावी लागते, आणि हलवली की गळ्याशी फेस. हलवून बाजूला ठेवा, चहा घ्या, फेस बसला पण गर बसला नाही तेवढ्यात फोटो काढा.

साइजबद्दल: सातशे मिलीची आमची बाटली चाळीसच्या बॉक्समध्ये मावते, पण झाकण वरच्या पट्टीच्या अगदी जवळ जातं. मोठ्या बाटल्यांसाठी साठचा घ्या. वायरीचं बटण माझ्याकडं ढिलं झालंय, टेप लावून चालवतेय. रंगीत पडदे घडीवर चुरगळूनच येतात. उन्हात पसरून ठेवले तर बरेच सरळ होतात, निळा मात्र नाही झाला.

मसाल्यासाठी पाचपैकी साडेचार. बाटलीसाठी तीन, तेही ट्रेसिंग पेपर आणि कार्डशीट तुम्ही वेगळी आणणार असाल तर.