जिम्नीचं ‘फुल इंटीरियर’: बिलात २० शीट, गाडीत ६

गोव्यातल्या पर्वरीच्या एका गृहस्थांनी मारुतीची पाच दारांची जिम्नी घेतली आणि आतलं सगळं काम एकाच दुकानात दिलं. दारं आणि छताचं डॅम्पिंग (आवाज आणि थरथर कमी करायला पत्र्यावर शीट चिकटवणं), फ्लोअर, सीट कव्हर, अँबियंट लाइट आणि मागे टायरच्या कंप्रेसरसाठी वेगळी वायरची लाइन. पॅकेज १,०५,००० रुपयांचं. ‘सामान दिल्लीहून येतं’ म्हणून ७० टक्के आगाऊ. मीटर, शीट, कंपनी यांबद्दल विचारलं की एकच उत्तर: ‘‘पात्रांव (शेठ), काळजी करूं नाकात.’’ चवथीआधी गाडी हवी होती, त्यामुळे कोणी जास्त खोलात गेलं नाही. पुढच्या पावसाळ्यात फ्लोअरला कुबट वास सुटला. दुसऱ्या कारागिराने गाडी उघडली, तेव्हा सगळं बाहेर आलं. दुकानाचं नाव इथे देत नाही. ही युक्ती एकाच दुकानाची असती तर एवढं लिहायचं कारणच नव्हतं.

आधी डॅम्पिंग, कारण सगळ्यात जास्त पैसे तिथेच खाल्ले गेले. बिलात २० बुटाइल (चिकट रबराच्या) शीट, २ मिमी, ८० बाय ४६ सेंटिमीटर. म्हणजे एक शीट ०.३७ चौरस मीटर पत्रा झाकते आणि २० शीटमध्ये सव्वासात चौरस मीटरहून जास्त जागा झाकायला हवी. दाराचं कार्ड (आतलं पॅनल) काढलं तर स्पीकरच्या भोकाभोवती हातभर चकचकीत फॉइल, आणि त्यापुढे कारखान्यातून आला तसा कोरा पत्रा. छतातही तेच: दिव्याच्या भोवती एक तुकडा, बाकी काही नाही. जागा नेमकी निवडलेली होती. ग्राहकाने शंका घेतलीच तर तो स्पीकर काढून पाहील किंवा दिवा खाली ओढून पाहील, कार्ड कोण काढतंय? सगळे तुकडे जोडून जेमतेम ६ शीट भरली.

आणि ती ६ सुद्धा बुटाइल नव्हती. वरून फॉइल, खाली डांबर. गोव्यात एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या गाडीच्या छताचा पत्रा हात लावू देत नाही. डांबर तिथे मऊ पडतं, शीट कडेने सुटून हेडलायनरवर, म्हणजे छताच्या आतल्या अस्तरावर, येते आणि कापडावर तपकिरी डाग उमटतो. ओळखायला सोपं आहे. कोपऱ्यातला एक तुकडा मागून घ्या. तो दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवून वाकवला तर डांबर तडकतं, बुटाइल वाकतं. चिमटीत धरून ओढलं तर बुटाइल च्युइंगगमसारखं तारा सोडतं. डांबराला नीट चिकटायला सहसा हीटगन लागते, बुटाइल हाताने किंवा रोलरने दाबलं तरी बसतं. या मापाची २ मिमीची खरी शीट सव्वा किलोच्या आसपास भरते, म्हणून खोका उघडताना वजन करून घ्यायला हरकत नाही. लावून झाल्यावर बोटाच्या पेराने दाराचा पत्रा टिचकवा. मध्यभागी ‘ठप’ आणि कडेला ‘टण’ वाजलं तर तिथे काही लावलेलंच नाही.

आता फ्लोअर. इथे फसवणूक कमी आणि अडाणीपणा जास्त, पण नुकसान इथेच मोठं. कारागिराने मूळ कार्पेट आणि खालची फेल्ट (नमद्यासारखा थर) काढली नाही. वर जाड ७डी मॅट चढवली आणि कडा गोंदाने डकवल्या. दिसायला सुरेख. पण पावसात ओल्या चपला येणार, सत्तरी-सांगेकडच्या ओहोळातून गाडी काढली की दाराच्या रबरातून थोडं पाणी शिरणार. ते मॅटखाली जातं आणि परत येत नाही. फेल्ट स्पंजसारखी पाणी धरून बसते. तळाच्या पत्र्यातली रबरी बुचं, ज्यांतून पाणी सोडायचं, ती या मॅटखाली गाडली गेली होती. वर सगळं कोरडं, खाली सीटच्या ब्रॅकेटचे बोल्ट गंजून लाल. समुद्राची हवा असलेल्या गावात एवढं पुरतं.

अशा गाडीत काम करायचं ते उलट्या क्रमाने: आधी सीट बाहेर, कार्पेट बाहेर, फेल्ट कडक उन्हात वाळवून घ्यायची किंवा बदलायची, बुचं तपासायची, खरचटलेल्या पत्र्यावर गंजरोधक लावायचं आणि मगच वरचा थर. मॅट सुटी असावी, उचलून झटकता यायला हवी. डकवलेली मॅट हा पावसाळी प्रदेशात शुद्ध मूर्खपणा आहे, दुकानदार काहीही म्हणो. आणि काढलेली फेल्ट, कार्पेट, जुने क्लिप परत मागा.

सीट कव्हरच्या बिलात ‘नापा पीयू’ (पॉलियुरेथेनचं नकली चामडं) १२ मीटर. चार माणसांच्या या गाडीला ५४ इंची पन्ह्याचं ७ मीटर कापड पुरतं, डिझाइनसाठी हवं तर आणखी एक धरा. उरलेलं कुठे गेलं ते विचारू नका. त्यातही पीयू नव्हतंच. तांब्याची तार लाल होईपर्यंत तापवून कापडाच्या तुकड्याला टेकवा आणि परत ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर ते पीव्हीसी. हे घराबाहेर आणि धुरापासून तोंड लांब ठेवून करा. गंमत अशी की गोव्याच्या दमटपणात स्वस्त पीयूपेक्षा चांगलं, उन्हाला टिकणारं, बुरशीरोधक पीव्हीसीच बरं. स्वस्त पीयू ओलाव्याने आतून फुटतं आणि पापुद्रे सुटायला लागतात. म्हणजे माल तितका वाईट नव्हता. पैसे मात्र दुसऱ्याच मालाचे घेतले.

खरा धोका शिवणीत होता. जिम्नीत ६ एअरबॅग येतात, त्यांपैकी साइडच्या दोन या पुढच्या सीटच्या पाठीत, दाराच्या अंगाला. कव्हरची त्या जागेची शिवण खास कच्च्या धाग्याची हवी किंवा ती जागा मोकळी सोडलेली हवी, म्हणजे बॅग फुगताना कव्हर तिथेच फाटतं. इथे ‘डिझायनर लूक’ म्हणून जाड धाग्याची दुहेरी शिवण मारली होती. वर सीट काढताना खालचा पिवळा कनेक्टर बॅटरी न सोडवता ओढलेला. डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागून राहिला, तेव्हा कनेक्टर नीट बसवायच्या ऐवजी त्यात एक छोटा रेझिस्टर खुपसून दिवा घालवला. कॉम्प्युटरला वाटतं बॅग जोडलेली आहे. ती जोडलेली नसते. काम झाल्यावर टॉर्च घेऊन सीटखाली बघा: पिवळी वायर थेट पिवळ्या कनेक्टरात गेली पाहिजे, मध्ये टेप, सोल्डर, काळा ठिपका काही नको. सीट काढण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह सोडवून काही मिनिटं थांबायचं, हे ज्याला सांगावं लागतं त्याच्याकडे गाडी देऊ नका.

वायरिंगचं थोडक्यात: कंप्रेसरच्या लाइनला बॅटरीजवळ फ्यूज नव्हता. वायर ‘४ एमएम कॉपर’ म्हणून लावलेली, टोक खरवडलं तर आत रुपेरी, म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. खाऱ्या हवेत ते पांढरं पडून तुटतं. लाइटसाठी मूळ हार्नेस (वायरींचा जुडगा) कापून काळ्या टेपने जोडलेला. तशी वायर कापली की त्या भागाच्या वॉरंटीवर कंपनी हात वर करते.

आणखी एक आमिष: मागे समोरासमोरच्या दोन घडीच्या सीट, ‘सहा माणसं आरामात’. आरसीवर आसनं ४ आहेत. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही, आणि अपघातानंतर विमा कंपनी प्रथम आरसीच काढते.

पैसे परत मागायचे तर आधी सगळं उपटून फेकू नका. कार्ड काढलेल्या अवस्थेत, शेजारी मापाची टेप ठेवून फोटो काढा, निघालेली शीट वजन करून पिशवीत ठेवा, दुसऱ्या कारागिराकडून काय निघालं ते लेखी घ्या. मग दुकानाला लेखी नोटीस. दाद दिली नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि पुढे उत्तर किंवा दक्षिण गोव्याचा जिल्हा ग्राहक आयोग. कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत जायचं, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगाची फी लागत नाही. पर्वरीच्या गृहस्थांकडे पक्कं बिल फक्त ४०,००० रुपयांचं होतं. बाकीच्या रकमेची नोंद दुकानदाराच्या वहीत, म्हणून तडजोडही तेवढ्या आकड्याभोवतीच फिरली. नवीन काम देताना रक्कम पूर्ण बिलात घ्या, बिलावर शीटची संख्या आणि जाडी, कापडाचे मीटर, वायरची जाडी लिहून घ्या, आणि कार्ड बंद करण्याआधी चारही दारांचा फोटो व्हॉट्सॲपवर आल्याशिवाय शेवटचा हप्ता देणार नाही, हे आगाऊ देतानाच सांगा.