तिस्कचे मेस्त आणि शेव्हेलचं झुलणारं स्टीअरिंग

जुनी अमेरिकन गाडी गोव्यात कुणाकडे द्यावी, असं मला बरेच जण विचारतात. इंजिन कुठेही द्या. स्टीअरिंग कॉलम, म्हणजे व्हीलखालचा नळकांडीसारखा खांब, मात्र उसगावला, तिस्कच्या पुढे पत्र्याच्या शेडमध्ये बसणाऱ्या मेस्तांकडेच (मेस्त म्हणजे मिस्त्री). बोर्ड नाही, चहाच्या गाड्यावर विचारायचं. पूर्वी ते खाणीच्या टिपरांचं काम करायचे. २०१२ला खाणी बंद पडल्या तशी हाताला येईल ती गाडी घेऊ लागले.

आमची १९७०ची शेव्हर्ले शेव्हेल, टिल्ट कॉलमवाली, म्हणजे व्हील वरखाली कलवून हव्या त्या उंचीवर अडकवता येतं अशी. पण अडकवलेलं व्हीलही धरलं की चार बोटं वरखाली झुलायचं. एका गॅरेजवाल्याने "जुन्या गाड्या अशाच" म्हणत ग्रीस थापून परत दिली. दुसऱ्याने व्हील निघेना म्हणून हातोडी उचलली, तशी मी गाडी काढून आणली. या कॉलमच्या आतला शाफ्ट दोन तुकड्यांचा, एकात एक सरकणारा, प्लास्टिकच्या पिनांनी धरलेला असतो. टक्कर झाली की पिना तुटतात आणि कॉलम दबतो, ड्रायव्हरच्या छातीत घुसत नाही. जनरल मोटर्सने १९६७च्या मॉडेलांपासून हे आणलं, आणि १ जानेवारी १९६८पासून अमेरिकेत तशी सक्तीच झाली. शाफ्टच्या टोकावर हातोडी घातली तर त्याच पिना जातात, वरून कळतही नाही. हे मेस्तांना सांगायला गेलो तर म्हणाले, "बाब, हातोडी माझ्याकडे ट्रकांसाठी आहे."

आधी बॅटरीची वायर काढली. मग पुलरने, म्हणजे ओढून काढायच्या हत्याराने, व्हील, मग लॉक प्लेट (चावी काढली की व्हील अडकवणारी चकती) दाबून तिच्यावरची रिंग. इंडिकेटरचा स्विच बाहेर ओढण्याआधी त्यांनी वायरच्या टोकाला सुतळी बांधली, म्हणजे नवी वायर त्याच वाटेने परत ओढता येते. टिल्टची स्प्रिंग काढताना मला मागे सरकायला लावलं. पिव्हटच्या दोन पिना काढायला बोल्ट, नट आणि पाइपचा तुकडा जोडून तिथेच पुलर बनवला. हाउसिंग सुटल्यावर खरे गुन्हेगार दिसले: आत खोल बसलेले चार स्क्रू, चारही सैल. त्यांना उलट्या टॉर्क्सचा, म्हणजे चांदणीच्या आकाराच्या डोक्यावर बसणारा, ई-८ सॉकेट लागतो, तो मी घेऊन गेलो होतो. मेस्तांनी एकेक स्क्रू काढून आटे पुसले, आटे सैल होऊ न देणारं लॉकटाइट लावून आवळले. वरच्या बेअरिंगचे छर्रे खाऱ्या हवेने तांबूस झाले होते, ते नवे घातले.

इंडिकेटरच्या स्विचवर त्यांनी सर्वांत जास्त वेळ घालवला, आणि ते बरंच केलं. डाव्या स्टीअरिंगच्या गाडीला चालू स्थितीतलं इशारा देणारं साधन हवंच, असं मोटार वाहन कायद्याचं कलम १२० सांगतं. चेकनाक्यावर पोलीस आधी तेच बघतो.

आता तक्रारी. कॉलम आणि स्टीअरिंग बॉक्स जोडणारी रबराची चकती गेली होती, तर मेस्त खाणीच्या कन्व्हेअर बेल्टचा तुकडा कापून घालायला निघाले. "टिपर ओढतो हा पट्टा!" ओढत असेल, पण मी अडून बसलो आणि अमेरिकेतून मूळची मागवली. शिवाय पहिल्यांदा गाडी दिली तेव्हा चावी फिरवली तरी स्टार्टर लागेना. या गाडीत चावी कॉलमवर असली तरी स्विच खाली असतो, मधे एक रॉड. तो स्विच जरा सरकवून बसवला, पैसे मागितले नाहीत, पण निघण्याआधी बघायला हवं होतं. बिल मिळत नाही.

व्हील आता जागचं हलत नाही. पाचपैकी चार गुण. सुटे भाग तुम्हीच मागवा, आणि टिल्ट की साधा ते ऑर्डरमध्ये स्पष्ट लिहा; बेअरिंगं वेगळी येतात. चतुर्थीच्या आगेमागे मात्र जाऊ नका. शेड उघडी दिसली तरी मेस्त माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या रानफळांच्या, सामानामागे रानात गेलेले असतात.