मांडी घालता येणारा पाय: जामखेडच्या जयपूर फूटचा आमचा अनुभव

अण्णांचा डावा पाय गुडघ्याखाली गेला तो ऊसतोडीच्या हंगामात. भरलेली टायरगाडी उतारावर बैलांच्या अंगावर आली, अण्णा जू धरायला धावले आणि चाक नडगीवरून गेलं. ती हकीकत लांबवत नाही, आमच्या पाटोदा भागात घराघरात असं काहीतरी सापडेल. लिहायचंय ते नव्या पायाबद्दल. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आहे आणि पालक सारखे विचारतात, "गुरुजी, अण्णांचा पाय कुठून केला?" एकदाच लिहून टाकतो.

पहिला पाय एका मोठ्या शहरातल्या दुकानातून घेतला. नाव लिहीत नाही. काचेचं दार, एसी, भिंतीवर धावणाऱ्या माणसांचे फोटो. खुर्चीवर टेकतोय तोच पहिला प्रश्न आला, "बजेट किती आहे?" पतसंस्थेचं कर्ज काढून घेतला. दिसायला झकास होता, पण बुटाशिवाय चालेना. टाच त्या उंचीच्या बुटासाठीच बसवलेली. आता उसाला पाणी धरायला बूट घालून कोण जातं? देवळात बूट न्यायचा कसा? उकिडवं बसता येईना, मांडी घालता येईना. पंगतीत अण्णा एकटेच खुर्चीवर, ताट मांडीवर घेऊन. चार घास खायचे आणि उठायचे. तीनेक महिन्यांत तो पाय माळ्यावर गेला आणि कुबड्या खाली आल्या.

"जामखेडला आरोळ्यांच्या दवाखान्यात जा, तिथं जयपूर फूट करतात," असं शेजारच्या गावातल्या एकाने सुचवलं. त्यावर आत्याचा आक्षेप असा, की ती ख्रिस्ती माणसं, आधी गळ्यातली माळ उतरवायला लावतील. अण्णा माळकरी. काही बोलले नाहीत, पण एसटीत सौताडा येईपर्यंत बोटं माळेवरच होती.

वर्कशॉपमध्ये ज्या माणसाने अण्णांना तपासलं, त्याने आधी पायाकडे बघितलंच नाही. समोर बसला आणि विचारलं, "बाबा, दिवसभर करता काय?" अण्णा म्हणाले, पाणी धरतो, शेळ्या सांभाळतो, एकादशीला भजनाला जातो. "अनवाणी फिरता? भजनाला खाली बसता?" हो म्हटल्यावर तो म्हणाला, "मग बुटाचं सोडा." आमचं निम्मं काम तिथेच झालं, असं मी समजतो.

मग माप. तुटलेल्या पायाच्या उरलेल्या भागावर ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळून साचा काढतात. गुडघ्याखालचं हाड कुठे टोचतं, ते निळ्या पेन्सिलीने आधीच खुणावून ठेवतात. अण्णा वाकून बघायला लागले तशी माळ लोंबून प्लास्टरपाशी आली. तो माणूस मान वर न करता म्हणाला, "माळ मागं टाका, बाबा, खराब होईल." माळेविषयी त्या दवाखान्यात झालेलं हे एवढंच बोलणं. आत्याला घरी येऊन सांगितलं, तिचा अजून विश्वास बसलेला नाही.

पाऊल रबराचं असतं, आत लाकूड आणि स्पंजसारखं रबर. बाहेरून कातडीच्या रंगाचं, आणि त्याला चक्क बोटं! अण्णांनी अंगठा दाबून बघितला आणि पहिल्यांदाच हसले. हे पाऊल जयपूरमध्ये 1968 च्या सुमारास तयार झालं. रामचंद्र शर्मा नावाचे कारागीर आणि डॉ. प्रमोद करण सेठी या दोघांनी ते घडवलं. आपल्याकडची माणसं जमिनीवर बसतात, अनवाणी चालतात, हे धरूनच केलेलं. चिखलपाण्याचं त्याला वावडं नाही.

पाय बसवल्यावर आधी दोन लोखंडी दांड्यांच्या मधून चालवलं. कुठे घासतं ते बघून पुन्हा काढला, घासला, पुन्हा घातला. तिसऱ्या खेपेला सतरंजीवर बसायला सांगितलं. अण्णांनी उजवा पाय दुमडला, मग हाताने धरून डावा. बसले. उठा म्हटलं तरी बराच वेळ उठेनात. मी बाहेर जाऊन चहा पिऊन आलो, तेव्हाही तसेच मांडी घालून वर्कशॉपमधल्या माणसाशी शेळ्यांच्या भावावर बोलत होते.

आरोळ्यांच्या या आरोग्य प्रकल्पाबद्दल दोन शब्द, कारण नुसतं 'ख्रिस्ती दवाखाना' म्हणून पुढे जाणं बरोबर नाही. डॉ. रजनीकांत आरोळे नगर जिल्ह्यातलेच. ते आणि त्यांच्या पत्नी डॉ. मेबल दोघंही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकले. खेड्यात काम करायचं हे दोघांनी लग्नाच्या वेळीच ठरवलं होतं. 1970 मध्ये जामखेडला आले आणि सुरुवात केली ती जनावरांच्या जुन्या दवाखान्यात. आमच्याकडची जुनी माणसं सांगतात ते औषधांचं नव्हे, पाण्याचं. 1972 च्या दुष्काळाच्या काळात हातपंप घ्यायची वेळ आली तेव्हा डॉक्टरांनी ते दलित वस्तीत घ्यायला लावले. पाणी हवं तर सगळ्या गावाने तिथे यायचं. ना भाषण, ना मोर्चा. पुढे गावातल्याच बायकांना, त्यातल्या कितीतरी अक्षरओळख नसलेल्या, शिकवून आरोग्य सेविका केलं. बाळंतपणं, लसीकरण, मुलांची वजनं त्यांनी सांभाळली. 1979 मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलबाई 1999 मध्ये गेल्या, डॉक्टर 2011 मध्ये. येशूने शिष्यांचे पाय धुतले, ही गोष्ट मी शाळेच्या ग्रंथालयात वाचली होती. त्या दिवशी अण्णांच्या पायावरचं प्लास्टर ओल्या फडक्याने पुसून काढणारा माणूस बघताना ती आठवली, हे कबूल करतो.

आता पायाबद्दल खरं काय ते. जयपूर फूट म्हणजे जादू नव्हे. उन्हाळ्यात आत घाम साचतो, दुपारी एकदा काढून पुसावाच लागतो. मांडीवरचा पट्टा काचतो, त्याची सवय व्हायला अण्णांना महिनाभर लागला. शहरातल्या महागड्या पायाइतका तो हलका वाटत नाही. आणि शेतात वापरलं की तळवा तीनेक वर्षांत झिजतो. पाच ताऱ्यांपैकी साडेचार देतो, अर्धा कापतोय तो याचा. माणसांचा नाही.

जाणाऱ्यांसाठी: जखम पूर्ण सुकल्याशिवाय जाऊ नका, उगाच हेलपाटा होईल. आधी फोन करा. सुती मोजे दोन-तीन जोड न्या, पँटऐवजी धोतर किंवा लुंगी बरी. मुक्कामाच्या तयारीने जा, घाई केली तर माप चुकतं. पैशांचं तिथेच बोला. आम्हाला परवडलं, आणि कर्ज काढावं लागलं नाही.

सध्या अण्णांच्या टाचेला चीर पडलीय आणि त्यात माती अडकते. पाऊल बदलून आणू म्हणून मी दोनदा रजा टाकली. दोन्ही वेळा म्हणाले, खुरपणी उरकू दे.