भाडेपावती की लिव्ह-लायसन्स: गळतीचा खर्च कोणाच्या खिशातून?

माझ्या भाचीपुढे सध्या दोन घरं आहेत. एक ठाकूरद्वारला, पागडीचं, म्हणजे एकदाच मोठी रक्कम मोजून हक्क घ्यायचा आणि पुढे नाममात्र भाड्याच्या पावतीवर राहायचं, तिसऱ्या मजल्यावरची दीड खोली. भाडं महिना २५० रुपये, पण हातबदलाची रक्कम डोळे पांढरे करणारी, आणि त्यातला घसघशीत हिस्सा रिवाजाप्रमाणे घरमालकाचा. दुसरं बोरिवली पश्चिमेला, वन बीएचके, लिव्ह अँड लायसन्सवर. महिना ३५ हजार, डिपॉझिट दीड लाख. स्टेशन किती लांब, शाळा कुठली, हे तिचं आणि नवऱ्याचं ठरवून झालंय. माझ्याकडे आली ती एकच प्रश्न घेऊन: "मामा, छत गळायला लागलं तर काय करायचं?"

मी पहिली २६ वर्षं चाळीत भाडेपावतीवर काढली, पुढची १७ उपनगरांत करारांवर. पोपडे दोन्हीकडे सुटतात. फरक पडतो तो हातात कागद कुठला आहे यावर.

आधी पावती. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ (लागू झाला ३१ मार्च २००० पासून) याचं कलम १४ भाडेकरूच्या बाजूने ठणठणीत बोलतं. भाडेकरूने वेगळं काही कबूल केलेलं नसेल तर घर राहण्याजोगं ठेवणं हे घरमालकाचं काम. तो हलत नसेल तर किमान १५ दिवसांची नोटीस द्यायची, एकट्याने किंवा चार बिऱ्हाडांनी मिळून. तरी ढिम्मच, तर दुरुस्ती आपण करून घ्यायची आणि खर्च भाड्यातून कापायचा. हिशेब आणि बिलं नीट ठेवली असतील तर खर्चाचा पुरावा तोच. वाचताना वाटतं, वा, आणखी काय हवं!

पण पुढे एक अट आहे: एका वर्षात कापायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून जास्त नको. आता ठाकूरद्वारच्या घराला हे लावून पाहा. महिना २५०, वर्षाचे ३,०००, त्याचा चौथा हिस्सा ७५० रुपये. मोरीची फरशी उखडून, खाली नवा कोबा घालून, पाइप बदलून घ्यायला ४० हजार लागले असं धरू. वर्षाला ७५० प्रमाणे ते वसूल व्हायला ५३ वर्षं लागतील. भाचीचं वय आज ३१.

बोरिवलीत गणित बरोबर उलटं. ३५ हजारांप्रमाणे वर्षाचे ४ लाख २० हजार, त्याचा चौथा हिस्सा १ लाख ५ हजार. एवढ्यात स्वयंपाकघरासकट सगळं न्हाऊन निघेल. पण हा हक्क ‘भाडेकरू’चा. लिव्ह-लायसन्सवाला कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसतो, त्याला घर वापरायची फक्त परवानगी असते. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यातली ही संकल्पना. म्हणून कलम १४ त्याच्या कामाचं नाही. म्हणजे हक्क आहे तिथे भाडं नाही आणि भाडं आहे तिथे हक्क नाही. या दोन घरांची तुलना मी इथूनच सुरू करतो.

पावतीच्या घरात दुरुस्ती खरी कोण करतं?

महिन्याला २५० रुपयांत घरमालकाने तुळई बदलावी ही अपेक्षा त्यालाही हास्यास्पद वाटते, आणि खरं सांगायचं तर मलाही. कायद्याने भाडं वर्षाला ४ टक्के वाढवता येतं, म्हणजे आपल्या उदाहरणात महिना १० रुपये. आमच्या चाळीचा मालक वाईट माणूस नव्हता. तो फक्त कधीच यायचा नाही. भाडं घ्यायला त्याचा मेहता, म्हणजे कारकून, यायचा, गळतीचं ऐकून मान हलवायचा आणि पावती फाडून द्यायचा. जिन्याची पायरी मोडली तेव्हा अकरा बिऱ्हाडांनी वर्गणी काढली. दोघांनी दिली नाही. त्या दोघांशी पुढे किती वर्षं कोण बोललं नाही ते इथे लिहीत नाही.

दक्षिण मुंबईत एक आधार मात्र आहे, उपकराचा. कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंतच्या, ३० सप्टेंबर १९६९ पूर्वीच्या भाड्याच्या इमारतींवर हा उपकर बसला. सुरुवातीच्या यादीत अशा १९,६४२ इमारती होत्या. त्यांच्या मूळ सांगाड्याची, म्हणजे खांब, तुळया, जिना, सामायिक संडास यांची दुरुस्ती म्हाडाचं मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ करतं, तेही ठराविक खर्चाच्या मर्यादेत. वरचा खर्च रहिवाशांनी भरायचा. गिरगावात हिंडताना लाकडी टेकू लावलेल्या गॅलऱ्या दिसतात. काम होईपर्यंतची ती तात्पुरती सोय, आणि तात्पुरतं म्हणजे किती हे सांगायला कोणी धजत नाही. तुमच्या खोलीतली मोरी, ओटा, वायरिंग यांत मंडळ पडत नाही.

घरात स्वतः काम काढायचं तर आणखी एक भान हवं. मालकाच्या लेखी संमतीशिवाय कायमस्वरूपी बांधकाम केलं तर ते घर खाली करायचं कारण ठरू शकतं. लाकडी पार्टिशन, स्वयंपाकाचा उभा ओटा, खोटं छत, एसी या गोष्टी कायद्याने त्यातून वगळल्या आहेत, जिथे लागेल तिथे पालिकेची परवानगी घेऊन. पोटमाळा किंवा खोलीत नवा संडास काढायचा असेल तर आधी मालकाचं पत्र, मग गवंडी. उलट क्रमाने केलेली कामं धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात वर्षानुवर्षं तारखा खातात.

आणि एक अवघड गोष्ट, जी घर दाखवणारा दलाल सांगणार नाही. जुनी इमारत ढासळली तर पागडीवाल्याचं नुकसान होतं, मालकाचं कधी कधी होत नाही. मोकळा झालेला भूखंड त्याला हवाच असतो. पालिका धोकादायक इमारतींची वर्गवारी करते. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची, सी-२ए म्हणजे काही भाग रिकामा करून मोठी दुरुस्ती, सी-२बी म्हणजे माणसं न हलवता दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ. मालकाच्या इंजिनिअरचा अहवाल सी-१ म्हणतो आणि रहिवाशांच्या इंजिनिअरचा सी-२बी, हे भांडण मुंबईत नवं नाही. इमारत पडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केलंय. दिलासा मोठा आहे, पण तो मिळेपर्यंत राहायचं कुठे, हा प्रश्न उरतोच. धोकादायक इमारतीसाठी पालिकेची कलम ३५४ ची नोटीस लागलीच, तर घर सोडण्याआधी खोलीचं क्षेत्रफळ मोजून लेखी नोंदवून घ्यायचं.

करारावरच्या घरात

इथे भांडण गळतीवरून सुरू होतं आणि डिपॉझिटवर संपतं. मालकाकडे तुमचे दीड लाख अडकलेले असतात, तुमच्याकडे त्याचं काहीच नसतं. मी एक घर सोडलं तेव्हा रंगासाठी २२ हजार कापले. भिंतीला ओल बाहेरून येत होती, सोसायटीला तीन पत्रं मीच लिहिली होती, पण ती पत्रं माझ्या नावाने गेली, मालकाच्या नाही. सोसायटीने उत्तर द्यायचंही कारण नव्हतं. ही चूक माझी.

सोसायटीच्या आदर्श उपविधींत वाटणी सरळ आहे: पावसाचं पाणी आणि बाहेरच्या सामायिक नळांची गळती सोसायटीकडे, संडास, सिंक वगैरेंमुळे होणारी आतली गळती त्या त्या सदस्याकडे. लायसन्सी सदस्य नसतो. म्हणून कळवायचं मालकाला, आणि सोसायटीला पत्र मालकाच्या सहीने जायला हवं. वरच्या मजल्याचा बाथरूम झिरपत असेल तर दोन मालक आणि एक सेक्रेटरी यांच्यात तुम्ही चौथे, आणि बादली तुमच्याच घरात.

करार नोंदवलेला नसेल तर अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जातं, जोवर मालक उलट सिद्ध करत नाही. नोंदणी ही मालकाची जबाबदारी आहे. मुदत संपल्यावर मात्र ‘आधी दुरुस्तीचे पैसे द्या’ म्हणून ठाण मांडून बसू नका. लायसन्स शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई मागायचा अधिकार त्याला आहे.

दलालाच्या छापील मसुद्यात बहुधा एकच ओळ असते: किरकोळ दुरुस्ती लायसन्सीने करावी. किरकोळ म्हणजे काय? गीझर? फ्लशची टाकी? इथे केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्याची वाटणी उपयोगी पडते. महाराष्ट्रात कारभार १९९९ च्याच कायद्यावर चालतो, पण करारात उतरवून घ्यायला कोणी अडवत नाही. त्यात सांगाडा, रंगसफेदी, नळाचे पाइप, वायरिंग मालकाकडे. तोट्या, सांडपाण्याच्या नाळीची सफाई, गीझर, स्विच, कुलपं, खिडकीच्या काचा राहणाऱ्याकडे. आणि हो, वापरातली बाग आणि मोकळी जागाही राहणाऱ्याकडे.

बागेचं हसू नका. पार्ल्यात माझा एक मित्र तळमजल्यावर राहायचा. पुढे हातरुमालाएवढी हिरवळ आणि एक नारळ. सोडताना मालकाने वाळलेल्या हिरवळीचे पैसे मागितले. मित्र म्हणाला, पाणी तासभर येतं, गवताला घालू की पोरांना? नारळाच्या झावळ्यांवरून वेगळं वाजलं. खासगी आवारातलं झाड असलं तरी ते तोडायला किंवा त्याच्या फांद्या छाटायला पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे जावं लागतं, आणि अर्ज मालकाने करायचा की भाडेकरूने हे करारात कुठेच नव्हतं. तळमजला घेत असाल तर झाडांचाही एक कलमभर उल्लेख करा.

भाचीच्या करारासाठी मी हे कलम लिहून दिलं: "स्लॅब, भिंती, भिंतीतले पाइप व वायरिंग यांची दुरुस्ती मालक करतील. लेखी किंवा व्हॉट्सॲपवर कळवल्यापासून १५ दिवसांत न केल्यास लायसन्सी ती करून घेईल व बिल देऊन खर्च पुढील शुल्कातून वजा करील. वर्षाला कमाल एका महिन्याचे शुल्क." कलम १४ चाच सांगाडा आहे, करारातून आणलेला. मालकाने ‘कमाल १५ हजार’ करून मागितलं. मी म्हटलं, घे. शून्यापेक्षा १५ हजार बरे.

मग कुठलं?

पागडीचं घर मी त्यालाच सुचवेन ज्याच्याकडे हातबदलाची रक्कम देऊनही दुरुस्तीपुरते चार-पाच लाख बाजूला उरतात, ज्याला पुनर्विकासापर्यंत थांबायची ताकद आहे, आणि ज्याच्या इमारतीत बिऱ्हाडं एकमेकांशी बोलतात. शेवटची अट मी सर्वांत वर ठेवतो. एकत्र नोटीस, एकत्र वर्गणी, एकत्र इंजिनिअर, यातलं काहीच एकट्याने होत नाही. इमारत उपकरप्राप्त आहे का हे आधी पाहायचं. पार्ले-अंधेरीकडे पागडी असली तरी दुरुस्ती मंडळ नसतं.

भाचीचं मूल तीन वर्षांचं, नवऱ्याची नोकरी बदलीची. दुरुस्तीवरून मालकाशी फाटलं तर नोटीस देऊन घर सोडता येणं हीच तिची खरी ताकद, आणि ती ठाकूरद्वारला नाही. मी बोरिवली म्हटलं. तिच्या सासूबाईंना पटलेलं नाही. दर महिन्याला ३५ हजार पाण्यात, असं त्यांचं म्हणणं, आणि तेही चुकीचं नाही.

ताबा १५ जुलैला मिळतोय. त्याआधी संततधार लागेल तो एक दिवस गाठून तिथे जायला सांगितलंय: बेडरूमची पश्चिमेकडची भिंत हाताने चाचपायची, संडासाचं छत पाहायचं, सगळ्याचे तारखेसकट फोटो काढायचे, आणि त्याच संध्याकाळी मालकाला पाठवायचे.