सोलर पेटीत लाकूड वाळवायच्या नादात माझे ३८ हजार गेले, तुमचे जाऊ नयेत म्हणून लिहितेय

मी अमळनेर तालुक्यातली. आमचा घरगुती धंदा मांड्यांचा, म्हणजे खापरावरच्या पुरणपोळीचा. लग्नसराईत आणि आखाजीला (अक्षय तृतीयेला) ऑर्डरी असतात, त्यावरच वर्षाचं गणित चालतं. मांड्याला जाळ मोठा लागतो आणि एकसारखा लागतो, खापर सगळीकडून सारखं तापलं पाहिजे, त्यामुळे सरपण खडखडीत वाळलेलं असावंच लागतं. ओलं असलं की नुसता धूर, खापर मधेच थंड पडतं, मांडा चिकटतो, फाटतो, आणि धुराचा वास लागला की गिऱ्हाईक पुन्हा तोंड दाखवत नाही.

तर झालं असं की यंदा आमची सरपणाची जुनी गंजी अवकाळी पावसात भिजली, वरून भुंगा लागला, लाकडाखाली पिवळी पिठी पडायला लागली. जानेवारीच्या शेवटी मी वखारीतून २० क्विंटल बाभूळ घेतली, ती निघाली ताजी तोडलेली, सालीखाली हात लावला तर गार लागायची. आखाजीला अडीच-तीन महिने होते पण त्याआधी लग्नाच्या ऑर्डरी होत्या, मला घाई होती. आणि ज्याला घाई असते त्याच्याच दारात हे लोक येतात, हे आता कळतंय. वखारीतून माझा नंबर गेला की कसा ते माहीत नाही पण आठ दिवसात एक माणूस मोटरसायकलवर आला, ताई ताई करत, मोबाईलमध्ये व्हिडिओ, हातात ओल मोजायचं मीटर. म्हणाला सोलरवर लाकूड वाळवायची आणि ट्रीटमेंट करायची पेटी आहे, ६ बाय ४ फूट, ५ क्विंटल ओलं लाकूड ३ दिवसात कोरडं, भुंगा पण मरतो, लाईटबिल शून्य, आणि फूड प्रोसेसिंगच्या योजनेत ३५ टक्के पैसे परत. किंमत ३८,००० रुपये.

सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या, त्या अहिराणीत म्हणाल्या, "ऊन फुकट शे ना माय, मंग इतला पैसा कसाले?" मी त्यांना गप्प केलं. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

त्यानं डेमो दाखवला तो नीट सांगते कारण सगळी फसवणूक त्यातच होती. दोन-तीन गावं सोडून एका शेडमध्ये त्याची रिकामी पेटी उन्हात ठेवलेली होती, आत थर्मामीटर, दुपारी ६८ डिग्री. बघून मी थक्क झाले. मग त्यानं एक ओंडका काढला, त्याच्या टोकाला मीटरच्या दोन पिना टेकवल्या, १२ टक्के ओल. म्हणाला परवा हेच लाकूड ४५ टक्के होतं. परवा काय होतं ते मी बघितलेलं नव्हतं, तरी विश्वास ठेवला. २०,००० ऑनलाइन अ‍ॅडव्हान्स दिले, बाकीचे पेटी बसवल्यावर रोख. बिल दिलं ते कच्चं, जीएसटी नंबर नाही, पत्ता नाही, नुसता शिक्का.

पेटी आली. लोखंडी अँगलचा सांगाडा, वर पारदर्शक शीट, खाली काळा रंग दिलेला पत्रा. त्याच्या माणसांनी लाकडं न फोडता तशीच ओंडकेच्या ओंडके भरली, भरायच्या आधी प्लास्टिकच्या कॅनमधून तपकिरी औषध फवारलं, विचारलं तर म्हणाले भुंग्याचं आहे, काही होत नाही. कॅनवर लेबल नव्हतं. दार लावलं, कडेनं सिलिकॉन भरलं, आणि बजावून सांगितलं की ताई ३ दिवस उघडायचं नाही, उष्णता बाहेर जाईल.

चौथ्या दिवशी उघडलं तर शीटच्या आतल्या बाजूनं पाणी ओघळत होतं. घामाघूम झालेल्या माणसासारखं. लाकडाला पांढरी बुरशी. मी फोन केला, तर म्हणाला अजून ४ दिवस ठेवा, ऊन कमी आहे. फेब्रुवारीतलं खानदेशातलं ऊन आणि कमी? आठ दिवसांनी त्यातलंच लाकूड लावलं एका लग्नाच्या ऑर्डरला. टोकांतून फेस आला, सूं सूं आवाज, घरभर धूर, आणि धुराला एक वेगळाच उग्र वास, डोळ्यातून पाणी थांबेना. सासूबाई म्हणाल्या, "हाई लाकूड ते रडी ऱ्हायनं." १५० मांड्यांची ऑर्डर, त्यातले ६० मी स्वतः बाजूला काढले, अर्धे पैसे परत दिले. ते अन्न लोकांच्या लग्नात जाणार होतं, त्या विचारानं मला दोन रात्री झोप आली नाही.

मग माझा भाचा आला, तो ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवतो. त्यानं वहीच्या पानावर हिशोब मांडला, तो मी इथे जसाच्या तसा देते कारण हा हिशोब मी आधी केला असता तर ३८ हजार वाचले असते. ओल्या बाभळीच्या ५ क्विंटलमधून जाळण्याजोगं लाकूड करायचं तर अंदाजे सव्वाशे ते दीडशे किलो पाणी बाहेर काढावं लागतं. १ किलो पाण्याची वाफ करायला साधारण ०.६७ युनिट (लाईटबिलात असतं तेच युनिट) उष्णता लागते. आपल्याकडे या दिवसांत १ चौरस मीटरवर दिवसाला ६ युनिटच्या आसपास ऊन पडतं. ६ बाय ४ फूट म्हणजे सव्वादोन चौरस मीटर, म्हणजे दिवसाला साडेतेरा युनिट, आणि त्यातली सगळी उष्णता लाकडाला मिळत नाही, शीट घेते, पत्रा घेतो, हवा घेते, चांगल्या पेटीत एक तृतीयांश कामी आली तरी खूप. म्हणजे दिवसाला साडेसहा-सात किलो पाणी. दीडशे किलोला २० दिवसांच्या वर. ३ दिवसात कोणाचाही बाप आला तरी होत नाही, ऊन तेवढं पडतच नाही त्या जागेवर.

मी म्हटलं मग ते ६८ डिग्री? तो म्हणाला मामी, पेटी रिकामी होती ना. माठातलं पाणी गार का राहतं? पाणी झिरपून उडतं तेव्हा उष्णता घेऊन जातं. तसंच ओलं लाकूड भरलं की पेटी तापत नाही. आम्ही थर्मामीटर टांगून बघितला, ओल्या लाकडात भर दुपारी ४४. आणि त्यात दार-फटी सगळं बंद, मग वाफ जाणार कुठे, ती शीटला लागून पुन्हा लाकडावर टपटप. वाळवायला उष्णता पाहिजे तेवढाच वारा पाहिजे, खालून हवा आत आणि वरून बाहेर. वाळत घातलेल्या कपड्यांचं जे तेच लाकडाचं.

मीटरची गोष्ट पण तशीच. ओंडक्याचं टोक सगळ्यात आधी सुकतं, पिना तिथे टेकवल्या की आकडा कमीच येणार. तो ओंडका मधोमध फोडून ताज्या फोडलेल्या बाजूला पिना खुपसायच्या असतात. आम्ही त्याच्या पेटीतलं लाकूड फोडून तसं मोजलं, टोकाला १४ आणि आत ३८ टक्के. जळणाला २० च्या खाली पाहिजे. मीटर नसेल तर काटा आहेच ना घरात, एकच ओंडका खूण करून रोज तोलायचा, वजन उतरायचं थांबलं की वाळला. मीटरला फसवता येतं, काट्याला तेवढं सोपं नाही.

भुंग्याचं सांगते. उष्णतेनं तो मरतो हे खरंय, परदेशात माल पाठवायच्या लाकडी खोक्यांना जो नियम आहे त्यात लाकडाच्या गाभ्यात ५६ डिग्री सलग ३० मिनिटं लागतात. गाभ्यात, पेटीच्या हवेत नाही. ओल्या जाड ओंडक्यात ते होत नाही, आधी वाळलेल्या, फोडलेल्या लाकडात कडक उन्हाळ्यात होऊ शकतं. म्हणून त्यानं औषध मारून काम भागवलं. आणि बायांनो हे मात्र लक्षात घ्या, चुलीत जाणाऱ्या लाकडाला कसलंही औषध मारू देऊ नका. फर्निचर-खांबांना वापरतात त्या काही औषधांत तांबं, क्रोमियम, आर्सेनिक असतं, जाळलं की ते धुरात येतं आणि राखेत राहतं, आणि आपण ती राख भांड्याला लावतो, वांग्याच्या वाफ्यात टाकतो. माझ्या कॅनमध्ये काय होतं ते कळलेलं नाही. ते फवारलेलं लाकूड मी वेगळं झाकून ठेवलंय, जाळत नाही, कोणाला देत पण नाही, आणि त्या दिवसाची राख पोत्यात बांधून ठेवली.

सबसिडीचं विचारायला जळगावला कृषी खात्यात गेले. तिथल्या माणसानं शांतपणे समजावलं. पीएमएफएमई, म्हणजे छोट्या अन्नप्रक्रिया धंद्यांची योजना, खरी आहे, २०२० पासूनची, ३५ टक्के पण खरे, जास्तीत जास्त १० लाख, पण ती बँकेच्या कर्जाशी जोडलेली. आधी अर्ज, प्रकल्प, बँकेची मंजुरी, मग मशीन. दारावर आलेल्या माणसाकडून रोखीनं घेतलेल्या वस्तूचे पैसे कोणी परत करत नाही. आणि छतावरच्या सोलरची पीएम सूर्यघर योजना ही विजेच्या पॅनलची, लाकडाच्या पेटीशी तिचा संबंध नाही. हा माणूस दोन्ही नावं एका दमात घ्यायचा.

पेटी मोडीत काढली नाही. भाच्यानं खाली तीन बाजूंना विटेएवढ्या फटी पाडल्या, वर मागच्या बाजूला पत्र्याचं धुराडं लावलं, उतार दक्षिणेला केला. लाकडं चार इंचाच्या आत फोडली, विटांवर मोकळी रचली. रात्री फटी बंद करतो म्हणजे दव नको. खूण केलेला ओंडका ४ किलो २०० ग्रॅम होता, २२ दिवसांनी ३ किलो ५० ग्रॅमवर थांबला. दोन वाळलेली लाकडं एकमेकांवर आपटली की ठण्ण वाजतात. म्हणजे सोलरवर लाकूड वाळतं, त्यात खोटं काही नाही, देहरादूनच्या वन संशोधन संस्थेनं लाकडासाठी सोलर भट्टी कधीच बनवलीय. खोटे ते ३ दिवस होते. आणि खरं सांगू, त्याच दिवसांत बाहेर ओट्यावर वाऱ्याला फोडून रचलेली लाकडंही तेवढी नाही तरी बऱ्यापैकी वाळली, फुकटात. पेटीचा उपयोग मला पावसाळ्यात होईल असं वाटतंय, बघू. पण शीट पॉलिकार्बोनेट सांगून साधं प्लास्टिक दिलंय, एप्रिलमध्येच पिवळं पडून कडकडायला लागलंय. पॉलिहाऊसला असतो तसा यूव्ही कागद घ्यावा लागणार.

वखारीचं पण बोलायला पाहिजे. ओलं लाकूड वजनावर घेणं म्हणजे लाकडाच्या भावानं पाणी घेणं. माझ्या २० क्विंटलमधलं साडेपाच क्विंटल उडून गेलं. आता घेताना एक ओंडका फोडूनच बघते, नाही म्हणाले तर तिथून निघते.

पेटीवाल्याकडे पैसे परत मागितले तेव्हा तो म्हणाला, ताई तुम्ही धंदा करता, तुम्ही ग्राहक नाही, कुठेही जा. मी घाबरून दोन आठवडे गप्प बसले. मग १९१५ ला, ग्राहक हेल्पलाईनला फोन केला. २०१९ च्या कायद्यात स्पष्ट आहे की स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू असेल तर तो माणूस ग्राहकच. ५ लाखांपर्यंतच्या वस्तूला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही, २ वर्षांच्या आत तक्रार करायची. माझ्याकडे ऑनलाइन पेमेंटचा पुरावा २०,००० चाच आहे, रोख १८,००० चा फक्त तो शिक्क्याचा कागद. ते रोख दिलेले कसे सिद्ध होतील हीच धाकधूक आहे.

परवा शिरपूरहून नणंदेचा फोन, तिच्याकडे असाच एक जण आला होता, तशीच पेटी, भाव ४२,०००. मी तिला म्हटलं त्याला एकच विचार, दिवसाला किती किलो पाणी काढते तुझी पेटी, आणि माझ्यासमोर माझं लाकूड तोलून भर, तोलून काढ, पैसे त्यानंतर. तिनं विचारलं. तो उद्या येतो म्हणून गेला. तिनं त्याच्या गाडीच्या नंबरचा फोटो काढून ठेवलाय, तो मी तक्रारीला जोडतेय. चोपडा, पारोळा, शहादा भागात अजून कोणी घेतली असेल तर बिल, मेसेज, पेटीचे फोटो जपून ठेवा आणि लाकूड जाळायच्या आधी फवारलेलं आहे का ते बघा.